अमेरिकेतले मामाजी

जुलै महिन्यात तुम्ही आमच्या तिरोडा तालुक्यात आलात, आणि एखाद्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, डोक्यावर छत्री, हातात पुस्तक, गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट अशा अवतारात एक सहासष्ट वर्षांचा माणूस मोठमोठ्यानं वाचत फेऱ्या मारताना दिसला, तर गाडी थांबवून चौकशी करू नका. तो वेडा नाही. ते आमचे टेंभरे गुरुजी आहेत, आणि खाली चिखलात वाकून धान रोवणाऱ्या बावीस बायांना ते अमेरिका सांगत आहेत.

मी गुरुजींचा शेजारी. त्यांचं घर आणि माझं घर यांच्यात एकच भिंत. त्यामुळे गुरुजींचं कौतुक करायचा हक्क साऱ्या गावाला आहे, आणि वैतागायचा हक्क फक्त मला.

आता हे वाचन गावानं चालू का दिलं, ते ऐका. रोवणीच्या दिवसांत आमच्याकडे देव भेटेल, पण बाई भेटत नाही. सगळ्यांचे पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, एकाच वेळी तयार होतात, बोदलकसा तलावाचं पाणी पाटाला मोजकेच दिवस सुटतं, आणि सगळ्यांना बाया एकदमच पाहिजेत. मग आम्ही शेतकरी घरोघर हात जोडत फिरतो. न्यायला ऑटो पाठवतो, दोनदा चहा देतो, दुपारी भजी देतो. आमच्या गावातली सगळ्यांत हुशार टोळी धुरपताबाईची. सरळ ओळ, खोल मूठ, एक रोप तरंगणार नाही. पण गेली पाच वर्षं धुरपताबाईची एकच अट.

‘‘भजे नाई देले तं चालते. गुरुजी पायजे.’’

म्हणजे ज्याला टोळी पाहिजे त्यानं आधी गुरुजी गाठायचे. भल्याभल्या जमीनदारांनी सकाळी सहाला गुरुजींच्या अंगणात उभं राहून तारखा मागितल्या आहेत. मी भिंतीपलीकडे राहतो तरी मलाही कधी लवकरची तारीख मिळाली नाही. मी दरवर्षी शेवटी. ‘‘तू घरचा माणूस आहेस गजाननभाऊ, तू समजून घेशील,’’ म्हणतात. मी समजून घेत नाही, पण करता काय!

गुरुजी वाचतात तो लेखक अमेरिकेचा. शंभर वर्षांपेक्षा जास्त काळ झाला त्याला जाऊन. पांढऱ्या मिशा, विस्कटलेले केस, मोठ्या नदीच्या काठावर वाढलेला. पोरांसाठी गोष्टी लिहिल्या आणि त्यात मोठ्यांची यथेच्छ टोपी उडवली. त्याच्या पुस्तकांची मराठी भाषांतरं गुरुजींकडे चार आहेत, चारही शाळेचा शिक्का असलेली. एकाचं मुखपृष्ठ गेलेलं, एकावर पाटाच्या पाण्याचा डाग.

पण गुरुजी पुस्तकातलं जसंच्या तसं वाचतील तर शपथ. पहिल्या वर्षी त्यांनी ती अमेरिकन नावं तशीच वाचली होती. धुरपताबाईनं रोपाची पेंडी खाली ठेवली आणि म्हणाली, ‘‘अजी गुरुजी, हे नावं तोंडात गिट्टीवानी फिरते. काही सरळ ठेवा ना.’’ त्या दिवसापासून त्या घर सोडून पळणाऱ्या पोराचं नाव सुकलाल झालं, त्याच्या दोस्ताचं मंगरू, आणि ती एवढी मोठी अमेरिकेची नदी वैनगंगा झाली. पोराची मावशी दर रविवारी देवळात जाते ती थेट नागऱ्याच्या महादेवाला.

बरं, ऐकणाऱ्या बाया म्हणजे काही मुकाट ऐकणाऱ्या नव्हेत. वाफ्यात वाकून, एकेक पाऊल मागे सरकत, हात चालू आणि तोंडही चालू.

‘‘सुकलाल चार दिसापासून पान्यात हाये. त्याच्या जेवनाचं काय?’’

‘‘मासे पकडते ना तो,’’ गुरुजी सांगतात.

‘‘आन मीठ? मीठ कोन देल्लं त्याले?’’

गुरुजी थांबतात. पुस्तक उलटसुलट करतात. लेखकानं मिठाचं काही लिहिलेलं नसतं. ‘‘मीठ घरून नेलं होतं त्यानं, पुडीत बांधून,’’ असं ते ठोकून देतात, आणि मग कुठं बाया पुढचं पान उलटू देतात.

एकदा त्या पोराच्या दारुड्या बापाची गोष्ट आली. पोराला मारतो, कोंडून ठेवतो, त्याचं सगळं हिसकावतो. त्या दिवशी माझ्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, कोणी काही विचारलं नाही. बावीस जणी नुसत्या रोवत होत्या. मी मनात म्हटलं, चला, आज काम जोरात आहे. मग टोळीतली एक म्हणाली, ‘‘गुरुजी, हा बाप पुढं मरते का नाई?’’ गुरुजींनी पुढची पानं चाळली. ‘‘मरतो.’’ ‘‘मंग ते आधी वाचा.’’ गुरुजींनी सरळ तीसेक पानं गाळून आधी बाप मारला आणि मग मागं येऊन गोष्ट पुढं चालू केली. मी पुस्तकांमधला माणूस नाही, पण मला ते बरोबरच वाटलं.

गुरुजींचा ठरलेला शब्द म्हणजे ‘‘थांबा, गंमत तं पुढं हाये!’’ चहा प्यायला बोलावलं की हेच. छत्री उडाली तरी हेच. माझी बायको सरिता म्हणते, ‘‘हा माणूस स्वर्गाच्या दारातही यमाला हेच सांगेल.’’ गुरुजींच्या पायाला तर भिंगरीच. धुऱ्यावर फेऱ्या, घरी फेऱ्या, तिरोड्याला जाताना रिकाम्या बसमध्येही दोन सीटांच्या मधून फेऱ्या. न्हाव्यानं त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय की दाढी होईपर्यंत गोष्ट न्हाव्यानं सांगायची. भिंतीपलीकडे पहाटेपासून त्यांची चाल ऐकू येते आणि मला उगाचच आपलं काहीतरी करायचं राहिल्यासारखं वाटत राहतं.

आता मामाजींकडे येतो. सगळं रामायण तिथूनच.

पहिल्याच रोवणीला धुरपताबाईनं विचारलं होतं, ‘‘हा लिवनारा मानूस तुमचा कोन होय जी? इतका जीव लावून वाचता तं?’’ गुरुजी गोष्टीच्या तंद्रीत. म्हणाले, ‘‘मामाजी होय आमचे.’’ झालं! त्यांनी प्रेमानं म्हटलं, बायांनी नातं समजून घेतलं. त्यात आमच्याकडचे निम्मे टेंभरे, पटले, बिसेन कोणाचे ना कोणाचे काका-मामा असतातच, मग अमेरिकेत एखादा असला तर त्यात नवल काय?

‘‘कुठं रायते मामाजी?’’

‘‘अमेरिकेत.’’

‘‘तब्येत बरी हाये?’’

आता या ठिकाणी माणसानं खरं सांगून मोकळं व्हावं की नाही? पण समोर बावीस जणी कंबर सरळ करून इतक्या आपुलकीनं बघत होत्या, की गुरुजींच्या तोंडून निघालं, ‘‘बरी हाये. गुडघे दुखतात जरा.’’

दुसऱ्या दिवशी धुरपताबाईनं मोहाच्या बियांच्या तेलाची बाटली आणून दिली. मामाजींच्या गुडघ्यांना.

मग दरवर्षी मामाजींची खबर द्यावी लागे. गुरुजी मला भिंतीपलीकडून विचारत, ‘‘गजाननभाऊ, या वर्षी मामाजींना काय होऊ द्यायचं?’’ एका वर्षी खोकला झाला. एका वर्षी त्यांनी नवीन पांढरा कोट शिवला. दिवाळीनंतर धान घरात आलं की टोळीतल्या प्रत्येकीकडून नव्या तांदळाची एक एक ओंजळ येई. चिन्नोर, सुवासाचा. ‘‘मामाजीले पाठवा.’’ गुरुजी तो तांदूळ नेऊन शाळेतल्या खिचडी करणाऱ्या बाईच्या स्वाधीन करत. ‘‘पोरांसाठीच लिहिलं ना त्यांनी सारं,’’ म्हणत. मी एकदा म्हटलं, ‘‘गुरुजी, सांगून टाका ना एकदाचं. काय फासावर देणार आहेत का?’’

ते चालता चालता थांबले. असं ते क्वचितच थांबतात.

‘‘त्या म्हणतील, मास्तरनं इतकी वर्षं आपल्याला उल्लू बनवलं. मग पुढच्या साली बोलावणार नाहीत. मग मी जाऊ कुठं, गजाननभाऊ?’’

मला हसू आलं. म्हटलं, एवढं मोठं गाव पडलंय, पेन्शन आहे, जा की कुठंही! मी असा माणूस आहे, सांगून ठेवतो.

यंदा नेमकं काय झालं की माझी शेवटची दोन एकर राहिली होती. पऱ्हे पस्तीस दिवसांचे होऊन म्हातारे व्हायला लागलेले. पाटाचं पाणी माझ्या बाजूला चारच दिवस, त्यातले दोन संपलेले. ट्रॅक्टरनं चिखल करून ठेवला, पेंड्या उपटून वाफ्यात फेकून ठेवल्या आणि सकाळी सहापासून मी धुऱ्यावर उभा. सात वाजले. आठ वाजले. ऑटो आला तो रिकामा.

‘‘बाया नाई येत भाऊ,’’ ऑटोवाला म्हणाला. ‘‘सुतक हाये.’’

‘‘कोण गेलं?’’

‘‘गुरुजीचे मामाजी.’’

मग कळलं ते असं. धुरपताबाईची नात गोंदियाला कॉलेजात शिकते. ती सुट्टीला आली. आजीनं कौतुकानं मामाजींचं सांगितलं. पोरीनं मोबाईलवर नाव टाकलं, मिशांचा फोटो निघाला. आजी खूश. पोरगी म्हणाली, ‘‘पण आजी, हे तर कधीचेच वारले.’’ आजीनं एवढंच ऐकलं आणि डोक्यावर पदर घेतला. टोळीचा नियम आहे, टोळीतल्या कोणाच्याही घरी गमी, म्हणजे मयत, झाली की त्या दिवशी कामाला हात लावायचा नाही. आणि गुरुजी टोळीतले.

म्हणजे बघा! शंभर वर्षांपूर्वी मेलेला एक अमेरिकन माणूस, आणि त्याच्या दुखवट्यात माझे पऱ्हे वाफ्यात वाळून राहिले! असला तमाशा कोणाच्या वाट्याला आला असेल तर मला आणून दाखवा.

मी पाय आपटत गुरुजींकडे गेलो. त्यांना कोणीतरी आधीच सांगितलं होतं. अंगणात फेऱ्या चालल्या होत्या, पण आज पुस्तक नव्हतं. खाटेवर पिशवी भरलेली.

‘‘कुठं निघाले?’’

‘‘सव्वानवाची गोंदिया बस आहे. पुढं बघू.’’

‘‘अहो, पळता कशाला? सांगा सरळ, मी थाप मारली म्हणून. तुमच्यावर चिडतील, माझ्यावर नाही. दुपारपर्यंत कामाला तरी येतील!’’

माझ्या जिभेला हाड नाही हे सरिता रोज सांगते. ‘‘तुझं बरोबर आहे रे,’’ गुरुजी म्हणाले. ‘‘पण मला त्यांच्या तोंडाकडे बघवणार नाही.’’ पिशवी उचलली आणि दारापर्यंत गेले, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी धुरपताबाई दिसली.

ती एकटी नव्हती. मागे सगळी टोळी, एकामागे एक. धुतलेली लुगडी, साड्या, डोक्यावर पदर, चार-पाच जणींच्या हातांत डबे. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून बाहेरून जेवण न्यायचा आमच्याकडे रिवाज आहे. रोज चिखलात बडबडणाऱ्या या बाया आज एक अक्षर बोलत नव्हत्या. त्या आत आल्या, अंगणात ओळीनं टेकल्या, आणि डबे भिंतीशी ठेवले.

गुरुजींच्या हातातली पिशवी तशीच. चेहरा पांढरा पडलेला. त्यांनी एकदम बोलायला सुरुवात केली.

‘‘बायांनो, मी खोटं बोललो. ते माझे मामाजी नाहीत. माझे कोणीच नाहीत. तो माणूस मोठा लेखक होता, आणि त्याला मरून शंभरावर वर्षं झाली. मी तुम्हाला पाच वर्षं फसवलं. तेल, तांदूळ, सगळं फसवून घेतलं. मला माफ करा.’’

मी अंगणाच्या दारात उभा. म्हटलं, झालं, आता यांची काही धडगत नाही.

धुरपताबाईनं पदर नीट केला. ‘‘खोटं तं बोललेच तुमी. त्याचं मंग पाहू, रोवनी झाल्यावर.’’ मग म्हणाली, ‘‘पन शंभर झाले का दोनशे झाले, आमाले तं काल समजलं ना जी? बातमी समजते त्या दिसापासून सुतक. आमी पाच साल त्याच्या संगं रोवनी केली. बसाले येवाच लागते.’’

गुरुजी मान खाली घालून ऐकत होते. 

‘‘आन दुसरं,’’ धुरपताबाई म्हणाली, आणि तिचा आवाज खाली आला. ‘‘मास्तरीनबाईची बातमी आमाले त्याच दिवशी समजली होती. तवा कोनाले येऊ देल्लं नाई. मंग कोनत्या तोंडानं यावं? रोज वाटे, जावं. इतक्या उशिरा का म्हनून जावं, असं वाटे. ते रायलंच. आज दोन्ही सुतकाले बसलो.’’

शांताबाई टेंभरे, गुरुजींच्या पत्नी. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेल्या. त्यांचं नाव या अंगणात मी पाच वर्षांत ऐकलं नव्हतं. मीही घेतलं नव्हतं.

मग तिनं तो प्रश्न विचारला, जो आमच्याकडे बसायला आलेला प्रत्येक माणूस विचारतो, आणि घरच्यानं प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं असतं. शंभर माणसं आली तर शंभरदा.

‘‘कसं झालं जी?’’

गुरुजींना कोणी हे विचारलंच नव्हतं.

पिशवी हातातून सुटली. ते घराच्या उंबऱ्यावर बसले आणि असे रडले की मला कुठं बघावं कळेना. आमच्या गल्लीत मी मोठ्या माणसाचं असं रडणं ऐकलेलं नाही. बायांनी त्यांना थांबवलं नाही. एक उठून पाणी घेऊन आली, बस्स.

मग त्यांनी सांगितलं. शांताबाईंना तीन दिवस ताप होता. गोंदियाला नेलं तर आत एकटीलाच घेतलं. फोनवर बोलायची. शेवटच्या फोनवर म्हणाली, आंबे उतरवून ठेवा, मी आले की लोणचं घालते. ह्यांनी आंबे उतरवले, टोपलीत ठेवले. दुसऱ्या दिवशी फोन आला तो दवाखान्यातल्या माणसाचा. चार माणसं प्लास्टिकच्या कपड्यांत, ह्यांना लांबून दाखवलं. हात लावू दिला नाही. मग ह्यांची तपासणी झाली, आणि चौदा दिवस गावच्या शाळेत ठेवलं, ज्या वर्गात बावीस वर्षं शिकवलं त्याच वर्गात. बसलं की तो फोन आठवे, म्हणून चालत. शाळेच्या कपाटात ही चार पुस्तकं होती. पहिल्यांदा वाचलं तेव्हा एका पानाला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून स्वतःचीच लाज वाटली. तिला सांगावं वाटलं, ऐक, गंमत आहे. ती घरी शाळेच्या गोष्टी रोज विचारायची. ‘‘मी म्हणायचो, तुला काय कळणार त्यातलं. चाळीस वर्षं असंच म्हटलं मी तिला.’’

‘‘चौदा दिवसांनी घरी आलो,’’ गुरुजी म्हणाले. ‘‘आंबे सडून गेलते. घरात तोच वास. कोणी आलं नाही. कोणाची चूक नव्हती, सगळेच भ्यालेले. रोवणी लागली तेव्हा बाया वावरात दिसल्या. मोकळ्या हवेत सगळेच बोलत होते. म्हटलं जाऊन उभं राहू.’’

मग म्हणाले, ‘‘कोरोनाचं घर म्हणून गल्लीत आडवा बांबू बांधला होता. मी शाळेत असतानाही होता म्हणे, घरी आल्यावरही आठ दिवस होता. त्याच्या खालून वाकून मी पाणी भरायला जायचो.’’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांना माहीत होतं का, मला आजही ठाऊक नाही. माझी लेक तेव्हा लहान होती, मी घाबरलो होतो, गावात सगळीकडेच तसं चाललं होतं. ही सगळी कारणं माझ्याजवळ पाच वर्षं तयार होती आणि त्यातलं एकही तोंडातून निघेना.  चिखलाचे पाय घेऊन मी त्या दारात उभा होतो, पऱ्ह्यांसाठी भांडायला आलेला.

‘‘गुरुजी,’’ मी म्हटलं, ‘‘तो बांबू मी बांधला होता.’’

 गुरुजींनी डोळे पुसले आणि काही बोलायला तोंड उघडलं, पण धुरपताबाईच आधी बोलली.

‘‘आमाले ठाऊक हाये,’’ ती म्हणाली, आणि आपल्या शेजारची जागा हातानं झाडली. ‘‘बसा.’’